नानामामांनी सांभाळून उलटवलेली होडी

महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांत लोक गुडघे शेकायला जातात, तसे एकदा नानामामाही गेले. मी बरोबर होतो. पाण्यात पाय घालण्याआधी त्यांनी कनवटीची सुतळी काढली, पिशवीतलं एक वांगं तिच्या टोकाला बांधलं आणि ते कुंडात सोडून काठावर बसून राहिले. आत बसलेली माणसं त्या वांग्याकडे बघत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी ते वर ओढलं, दाबलं, एक चावा घेतला आणि मला म्हणाले, "कच्चंच हाय. मानूस शिजायचा नाय." मग धोतर खोचून एक पाय पाण्यात घातला. दुसरा काठावरच ठेवला. "दोनी एकदम कशाला?" म्हणाले. त्या दिवशी एकच गुडघा शेकून झाला, आणि दुसऱ्यासाठी आम्हाला परत गाडी जुंपावी लागली.

नानामामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. महाडहून पोलादपूरकडे जाताना सावित्रीच्या काठी त्यांचं गाव. भातशेती चांगली, घर ऐसपैस, माणूस अंगापिंडानं दणकट. मी तेव्हा मुंबईत एका गिरणीच्या हापिसात कारकून होतो. हिवतापानं पार खंगलो होतो, म्हणून शिमग्याच्या आधी आईनं मला त्यांच्याकडे हवापालटाला पाठवलं. कोयनेलच्या कडू गोळ्या खाऊन कान गुणगुणत असलेला भाचा दारात उतरला तेव्हा मामांनी पहिलं काय केलं असेल, तर बसायचा पाट दोन्ही हातांनी दाबून पाहिला. मग म्हणाले, "बस बाळू. पन सांभाळून."

"सांभाळून" हा शब्द त्यांच्या तोंडून दिवसातून किती वेळा निघायचा ते मोजायला माणूस ठेवावा लागला असता. भिंतीला टेकू नको, पाल पडंल. मधोमध बसू नको, वर आढं हाय. खिडकीपाशी वारा बाधतो. शेवटी त्या घरात मला बसायला सुरक्षित अशी एकच जागा उरली, पडवीचा उंबरठा, आणि उंबरठ्यावर बसू नये म्हणून मामी ओरडायच्या. मामा ओढा ओलांडताना वहाणा सुतळीनं पायाला बांधायचे. पावसात छत्री घ्यायचे आणि छत्री उलटी झाली तर असावं म्हणून खाली पानांचं इरलंही घालायचे. बैलाला दोन दावी. कुलूप एक, पण ते लागलं की नाही हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत येणं ठरलेलं. मामी म्हणायच्या, "लग्नात मंगळसूत्र बांधायच्या आदी यांनी दोरा ओढून बगितला व्हता. भटजी खोळंबला."

मला कधी राग यायचा, कधी हसू यायचं. पण या सगळ्या सांभाळण्याच्या मुळाशी कोण आहे हे चार दिवसांत कळलं. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली त्यांची एकुलती एक मुलगी, गोदा. गेल्या वर्षी ती नदीपलीकडच्या गावात दिलेली होती. नदी ओलांडून मुलगी देताना हा माणूस कसा तयार झाला असेल देव जाणे. उन्हाळ्यात ढोपरभर पाण्यातून चालत जाता येतं, पण पावसाळ्यात सावित्री दोन्ही काठ भरून वाहायला लागली की पलीकडचं गाव दिसतं तेवढंच. आणि गोदाला दिवस गेले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. ती आमच्या विहीणबाईंनाही मान्य होती. पण त्यांचं म्हणणं असं की आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत सगळं घर शेतात असतं, मग चुलीपाशी कोण बसणार? आवणी उरकली की पाठवीन. आवणी उरकेपर्यंत नदी चढणार. रस्त्यानं लांबचा वळसा घालून बैलगाडीतून आणायचं, तर त्या दिवसांत गाडीचे हादरे नकोत, याबद्दल मात्र व्याही-विहीण दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. उरली होडी. मामांकडे होडी होती. वडिलांनी केलेली, ऐनाच्या फळ्यांची, दहा माणसं उचलतील एवढी लहानशी. गेली कित्येक वर्षं ती घरामागच्या मांडवात पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या.

"ती बुजवून, तेल पाजून नवी करतो," असा निरोप मामांनी पलीकडे धाडला.

विहीणबाईंचा उलट निरोप आला, "कोंबड्यांच्या खुराड्यात मी माजी सून घालायची नाय. होडी नीट नसंल तर बाळतपन हितंच हुईल."

त्या रात्री मामी जेवल्या नाहीत. मामांनी निरोप्याला बसवून दुसरा निरोप पढवला: कुठली फळी बदलणार, कुठला काथ्या आणणार, राळ कुठली, तेल कुठलं. निरोप्या नदीच्या पाण्यात शिरेपर्यंत ते काठावरून त्याला आठवण करून देत होते. पलीकडून उत्तर तेच आलं.

मामांनी तरी काम काढलं. दासगावहून दाऊदचाचाला आणला. दाऊदचाचा होड्या दुरुस्त करणारा सुतार, आणि स्वतःच्या कामाची स्तुती करण्यात कामापेक्षा जास्त वेळ घालवणारा गडी. त्यानं होडीभोवती फेरी मारली, बोटानं टकटक केलं, विडी पेटवली आणि म्हणाला, "वरचं काय नाय. खरं काम बुडाला हाय. उलटी करून द्या, मग माझा हात बघा."

"उलटी तुमी नाय करत?"

"ते माझं काम नाय, नाना. आनि सांगून ठेवतो, सुकलेलं लाकूड हाय. पान्यात फुटलेल्या होड्या मी कमी बगितल्या, उलटी करताना हातातनं सुटून फुटलेल्या लय. एक कड जोरात आपटली की खालपर्यंत चीर."

हे वाक्य दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर चाललं असतं. मामांना सांगायला नको होतं. त्या दिवसापासून त्यांनी होडी उलटवण्याचा अभ्यास सुरू केला. सुरुवात पीठ मळायच्या काथवटीपासून झाली. ओसरीवर गावातले आठ जण गोल बसवले, प्रत्येकाला काथवटीच्या काठाला दोन दोन बोटं लावायला सांगितलं आणि "उचला, तिरकी, आडवी, पालथी" अशा हुकमावर ती उलटवून घेतली. आठ बाप्ये दोन दोन बोटांनी काथवट उलटवताना पाहून मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या. काथवट न फुटता उलटली तेव्हा मामांनी कपाळावरचा घाम पुसला.

मग म्हणाले, काथवटीला वजन नाही, वजनानं बघायला पाहिजे. म्हणून बाज आणली आणि तिच्यावर हरीला निजवलं. हरी गावचा ढोलकरी, देवीच्या पालखीपुढे ढोल वाजवणारा, आणि चेष्टेखेरीज एक शब्द न बोलणारा. बाज उचलली, तिरकी केली, आडवी केली. हरी वरून ओरडला, "नाना, मी पडतोय!"

"होडी बोलती काय रे? गप पड."

"होडीला नाक नसतंय, नाना!"

तेवढ्यात तो पेंढ्यावर पालथा पडला. बाजही त्याच्या पाठोपाठ गेली, कारण सगळे हसत होते आणि हसताना माणसाच्या हातात जोर राहत नाही. हरीला काही झालं नाही. मामांनी मात्र त्यातून धडा घेतला की एकाच्या हुकमानं आठ जण एकाच वेळी उचलत नाहीत, कुणीतरी मागे राहतोच. सगळ्यांना एकदम उचलायला लावील असं काहीतरी हवं. रात्रभर विचार करून सकाळी ते मला म्हणाले, "बाळू, ठरलं. ढोलाच्या ठोक्यावर उचलायची. ठोका सगळ्यांना एकदम ऐकू येतो."

युक्ती सांभाळून काढलेली होती यात शंका नाही. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. शिमगा होऊन आठवडाही उलटला नव्हता. देवीची पालखी घरोघरी नाचून नुकती देवळात परतली होती, आणि ज्यांनी ती खांद्यावर नाचवली तेच हे गडी होते.

होडी उलटवायच्या दिवशी सकाळपासून तयारी. मांडवाबाहेर थोड्या अंतरावर खळ्यात पेंढ्याची गादी घातली, तिच्यावर गोणपाटं. दोन्ही टोकांना दोर बांधले. बेत असा की होडी खांद्यावर घ्यायची, खळ्यात आणायची, गादीवर एका कुशीवर टेकवायची, पलीकडच्या चौघांनी पाठ झेलायची आणि दोर सैल सोडत पालथी करायची. प्रत्येकाच्या वहाणा काढून घेतल्या, खिशातल्या तंबाखूच्या डब्यासुद्धा काढून घेतल्या. मी अशक्त म्हणून मला वजन उचलायचं काम नव्हतं. मला एका उंच दगडावर उभं केलं, हातात पितळेची थाळी आणि लाकडी पळी दिली. काही चुकतंय असं दिसलं की थाळी वाजवायची, की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. दाऊदचाचा सावलीत बसून विडी ओढत होता.

"हऱ्या," मामा म्हणाले, "येकच ठोका. उचलायचा."

हरीनं ढोल गळ्यात घातला. एक ठोका दिला. होडी सगळ्या बाजूंनी एकदम अशी सरळ वर आली की मामांचे डोळे भरून आले. दुसरा ठोका, होडी खांद्यावर. इथवर सगळं बेतासारखं झालं. पण हरीला दोनच ठोके देऊन थांबायची सवय नव्हती. त्याचे हात आपोआप तिसऱ्यावर गेले, मग चौथ्यावर, आणि खांद्यावर ओझं घेतलेल्या दहा जणांच्या पायांना हा ठेका ओळखीचा होता. पुढच्यानं एक गिरकी घेतली. मागच्यानं होडी खाली झुकवून वर झेलली. झालं! होडी नाचायला लागली.

मी जिवाच्या आकांतानं थाळी बडवली. ढोलाला झांजेची साथ मिळाली असं वाटून हरीला दुप्पट चेव आला. मामा दोन्ही हात वर करून "थांबा, थांबा" म्हणत मध्ये घुसले. दोन्ही हात वर करून पालखीपुढे काय करतात हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. "नाना पन आलं रं!" कुणीतरी ओरडलं, आणि त्यांना मधे घेऊन होडी त्यांच्याभोवती फिरायला लागली. मी ओरडून सांगत होतो, पण मुंबईहून आलेल्या आजारी भाच्याचं कोण ऐकतो? खळं ओलांडून होडी गावाच्या वाटेला लागली.

ढोल ऐकून बायका दारात आल्या. खांद्यावर काय आहे हे बघायच्या आधीच त्यांचे हात सवयीनं चालले. एका म्हातारीनं वाटेवर पाणी घातलं, दुसरीनं नारळ वाढवला, तिसरीनं होडीत खण आणि तांदूळ टाकून ओटी भरली आणि हात जोडले. मग वर बघून म्हणाली, "गो बाय, ही तर नानांची होडी!" तोवर होडी पुढे गेलेली होती. मामा मागून धावत होते. त्यांचं पागोटं सुटून खांद्यावर आलं होतं आणि ते ज्याला त्याला एकच सांगत होते, "कड सांभाळा, कड!"

पालखी नाचून झाली की देवळापुढच्या दगडी चौथऱ्यावर बसते. त्याला सहाण म्हणतात. होडीही तिथेच गेली, कारण गड्यांच्या पायांना दुसरी वाट माहीत नव्हती. वाटेत देवळाजवळ पिंपळाची एक फांदी खाली आलेली आहे. तिच्याखालून जाताना काहीतरी झालं. होडीतले तांदूळ सगळ्यांच्या डोक्यांवर पडले एवढं मी मागून पाहिलं. ढोल थांबला, धूळ खाली बसली, आणि बघतो तर होडी सहाणेवर टेकलेली, पालथी, बूड आभाळाकडे.

दाऊदचाचा विडी विझवून धापा टाकत आला. त्यानं होडीभोवती फेरी मारली, दोन्ही कडांवरून तळवा फिरवला, खाली वाकून टकटक केलं, कान लावला.

"चीर नाय," तो म्हणाला. "ओरखडासुद्धा नाय. कुनी उलटवली?"

दहा जण एकमेकांकडे बघायला लागले. "मी नाय," पुढचा म्हणाला. "मी तर नाचत व्हतो," मागचा म्हणाला. होडी कशी उलटली हे त्यानंतर कुणालाच नक्की सांगता आलं नाही. मामा सहाणेच्या पायरीवर बसले होते. काथवट आणि बाजेसकट त्यांचा सगळा अभ्यास वाया गेला होता, आणि होडी मात्र सुखरूप होती. हसावं की रडावं हे त्यांना समजत नव्हतं.

मामा उठून म्हणाले, "बरं, आता खळ्यात न्या." तेव्हा गुरव आडवा आला. सहाणेवर जे बसलं ते देवीला विचारल्याशिवाय उठवायचं नाही. कौल लावला पाहिजे. लावला. देवीच्या मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली डावी आधी पडली. म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशीही डावीच. "देवीला होडी आवडली," हरी म्हणाला. मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो ढोलासकट पिंपळामागे गेला.

शेवटी दाऊदचाचानं सहाणेवरच काम मांडलं. सांध्यांत काथ्या ठासला, एक फळी बदलली, राळ उकळली. देवळाभोवती तेलाचा वास सुटला. देवीच्या दारात काम करणाऱ्याला उपाशी कसं ठेवायचं म्हणून रोज एका घरून त्याचं जेवण यायला लागलं, आणि जेवण चांगलं म्हणून काम लांबत गेलं. मामा सकाळ-संध्याकाळ जाऊन प्रत्येक सांध्यावर बोट फिरवत. तो काथ्या खरोखर देखणा ठासला होता. काम संपलं त्या दिवशी देवीनं उजवी दिली. होडी सुलटी करून नदीवर न्यायला दहाही गडी हजर झाले, पण ढोलाशिवाय हात लावायला कुणी तयार होईना. मामांनी डोळे मिटून घेतले आणि हरीला खूण केली. होडी नाचत नदीवर गेली. कुठेतरी वाटेत सुलटीही झाली.

मामांनी पलीकडे नवा निरोप धाडला. त्यात काथ्या होता, राळ होती, नवी फळी होती. ढोलाचा उल्लेख नव्हता. पण असल्या गोष्टींना नदी आडवी येत नाही. विहीणबाईंचं उत्तर आलं, "देवीनं सहाणेवर बसवून घेतलेली होडी म्हनं. मग आवणी झाली की तिच्यातनं पाठवते. दुसऱ्या कशातनं नाय पाठवायची."

मामी तिथल्या तिथे देवीला हात जोडून रडायला लागल्या. मामांनी निरोप्याला तो निरोप पुन्हा म्हणायला लावला. मग मला म्हणाले, "बाळू, काथ्याबद्दल कायच नाय म्हनली?"

"नाही, मामा."

"राळंबद्दल?"

"नाही."

त्यांना वाईट वाटलं होतं. पण त्या संध्याकाळी त्यांनी मामींबरोबर बाळंतिणीची खोली सारवून घेतली, आणि तिच्यातला प्रत्येक वासा काठीनं ठोकून पाहिला.

आवणी उरकली आणि दोन दिवस उघडीप मिळाली. तो दिवस मला आठवतो, कारण मामांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाचं. दुखण्यासाठी वाढवत नेलेली रजा संपली म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुंबईला परतलो, आणि पुढे रजा मिळून पुन्हा येईतो ते गेले होते. झोपेतच गेले म्हणे, कुणाला हाक न मारता. गोदाचा मुलगा तेव्हा अंगणात रांगत होता.

त्या दिवशी पाणी गढूळ होतं, पण शांत. दोघे जण वल्ही मारत गेले आणि गोदाला घेऊन निघाले. ती होडीच्या मधोमध बसली होती, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून. अर्ध्या नदीत होडी जराशी कलली, तेव्हा मामींनी माझा दंड असा दाबला की त्यावर वळ उठले. मामांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. होडी काठाला लागली. तिच्यात थेंबभर पाणी नव्हतं.

पण काठावर गुडघ्याएवढा चिखल. त्या अवस्थेत पोरीनं उतरायचं कसं? मामा पुढे होऊन पाय रोवायला जागा शोधायला लागले. तेवढ्यात ते दहा जण कुणी न सांगता पाण्यात उतरले, होडीच्या दोन्ही बाजूंना वाकले आणि गोदाला बसल्या जागी ठेवून होडी खांद्यावर घेतली. कुणी गिरकी घेतली नाही. चिखलातून एकेक पाऊल टाकत ते वर यायला लागले. त्या दिवशी कुठेही ढोल वाजता कामा नये, अशी मामांनी सगळ्या गावाला ताकीद दिलेली होती.

गोदा वरून सगळ्यांकडे बघत होती. मग ओठ काढून म्हणाली, "बाबा, रिकामी होडी नाचवत आणलीत, आनि माज्या येळला वाजप नाय?"

मामा थबकले. त्यांनी होडीकडे पाहिलं, लेकीच्या पोटाकडे पाहिलं, मग हरीकडे पाहिलं. हरी इरलं पांघरून अगदी साळसूदपणे उभा होता, आणि इरल्याखाली त्याचं पोट जरा जास्तच पुढे आलेलं होतं.

"हऱ्या," मामा म्हणाले, "काढ तो भायेर."

हरीनं इरलं बाजूला केलं आणि ढोल संथ लयीत वाजवायला लागला. खांदेकऱ्यांच्या पावलांनी लय धरली, पण होडी डुलली नाही. नाचत होते ते एकटे नानामामा. होडीपुढे, चिखलात, दोन्ही हात वर करून, लेकीकडे तोंड आणि वाटेकडे पाठ करून ते घरापर्यंत नाचत गेले.